बूट काढून वाचा

जंगलखात्याच्या सायबानं बुटाच्या टोकानं माझी पाटी उपडी केली. चावडीम्होरं, सगळ्या गावादेखत. पाटीतलं हिरडं गडगडत पाटलाच्या खुर्चीखाली गेलं.

"चोर जात," सायेब म्हनला. "जंगल तुम्हीच खाल्लंत."

ते हिरडं त्यानंच मागितलं व्हतं. रोपं करायला. म्हैन्याभरामागं वाडीवर आला तवा लय ग्वाड बोलला. "तुम्ही आम्ही मिळून जंगल राखू." शिराळ्याच्या वरल्या डोंगरात आमची वाडी. दुष्काळाच्या पुढलं साल. आमच्या दारात कवा सायेब आलावता? आमी येड्यावानी हुरळलो. मी आन माझ्या सासूनं त्याला डोंगर फिरवला. हिरडा, बेहडा, गेळा, अंजनी. कशाची साल कशाला, कंचा कंद कवा खनायचा. त्यो वहीत लिवत व्हता. मी आपली सांगतच सुटले. एवढं आमाला कुनी कवा इचारलंच न्हवतं.

देवराईशी आलो. आत जायाचं तर पायात काय ठेवायचं न्हाई आन तोंडानं खोटं बोलायचं न्हाई, ही आमची रीत. सायेब बूट काढंना. "इथूनच सांग," म्हनला. तवाच मला वळखाय पायजे व्हतं.

तर चावडीम्होरं पाटी उपडी झाली, आन लगीच त्यानं कागद काढला. "गावाचा सहभाग आहे. अंगठे द्या." आदी मान खाली घालायला लावायची, मंग अंगठा मागायचा.

सासूनं अंगठा शाईत बुडवलाबी. "दी गं, सायेब हायती."

म्या तिचं मनगट धरलं. मला दुसरीपातूर अक्षरं येत व्हती. कागदावर वाकले. हिरडा, बेहडा, गेळा, अंजनी. म्या सांगितली त्याच वळीनं. खाली एकच शबुद लागला. बंदी.

"ह्ये काय लिवलंय?"

"झाडं लावायचं लिहिलंय."

"मंग राईत चला. बूट काढून वाचा."

सायेब हासला. पाटील म्हनला, "हिला हाकला रं." पर बूट काय निघालं न्हाईत. सासूनं अंगठा लुगड्याला पुसला. तिच्यामागनं वाडीतल्या कुनीबी दिला न्हाई.

पुढं दोन वर्सं जंगलाच्या गार्डानं आमच्या मोळ्या सोडून इस्कटल्या, इळं काढून घेतलं. घिऊ दे. डोंगर आमी राखत आलोय, आन आमीच राखनार. आजबी कुनी गाडीतनं उतरून सहभाग म्हनलं की मी आदी पायाकडं बघती. बूट दिसला की अंगठा मुठीत.