मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे

परळच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुभद्राकाकूंच्या तोंडात आरसा घातला, बॅटरी मारली आणि विचारलं, "काकी, तंबाखू खाता?"

"शी," आरसा बाहेर येताच काकू म्हणाल्या, "आमच्यात बायका तंबाखूला हात लावत नाहीत."

हे इतक्या ठसक्यात आलं की डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारलंच नाही. आणि काकू खोटं बोलत नव्हत्या, हीच तर गंमत. तंबाखू खातो तो नवरा, लवूकाका. चुना मळतो, जिन्याचा कोपरा रंगवतो. काकू लावतात ती मशेरी, आणि मशेरी असते दातांसाठी. ती तंबाखूचीच पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, चुरून होते, हे काकूंना ठाऊक नव्हतं थोडंच. त्यांच्यासारखी मशेरी चिंचपोकळीच्या त्या चाळीत दुसरं कोणी भाजत नसे. पण तांदळाची पेज करतात म्हणून पेजेला कोणी भात म्हणतं का? असला त्यांचा हिशोब.

"दाढेपाशी गालात आतून पांढरा चट्टा आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाढ घासत असेल. मी ती गुळगुळीत करते. पुढच्या महिन्यात दाखवा. तोवर गेला नाही तर गालाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"काय तपासायला?"

"कॅन्सर नाही ना, ते."

काकू ठणकती दाढ दाखवायला आल्या होत्या. खुर्चीवरून उतरताना त्यांना चप्पल सापडेना.

बरोबर सून होती, अक्षता. जिना उतरून खाली आल्यावर ती म्हणाली, "आई, मशेरीचं का नाही सांगितलंत?"

"तिने तंबाखूचं विचारलं."

"मशेरी कशाची करता?"

काकू भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपर्यंत झपझप चालत राहिल्या. तिथे थांबून म्हणाल्या, "ती दातांची आहे," आणि सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडायला निघाल्या.

या बाईचं आयुष्यच गालात बोट घालून गेलेलं. कणकवलीकडून लग्न होऊन आल्या, पहिल्या गरोदरपणात मळमळायला लागलं तेव्हा सासूने मशेरीची डबी हातात दिली. पुढे गिरणीवाल्यांची खानावळ चालवली. डाळीला फोडणी पडायच्या आधी मशेरी लागायची. गिरण्या बंद पडल्या, जेवणारी माणसं पांगली, काकू मालवणी मसाला करून विकू लागल्या, तरी सकाळ मशेरीनेच उजाडायची. मसाल्याचा तवा वेगळा, मशेरीचा वेगळा. शनिवारी हा दुसरा तवा चढला की अख्खा मजला खोकायचा, पुरुष शिव्या घालायचे, आणि बायका रिकाम्या डब्या घेऊन दारात.

दवाखान्यातून आल्यावर काकूंनी अक्षताशी बोलणं टाकलं. एवढंच नाही, तिच्यासमोर उभं राहून दुप्पट मशेरी लावली. मग दुपारी घर रिकामं झालं की कपाटाच्या आरशासमोर गाल ताणून मोबाइलची बॅटरी आत मारायला लागल्या. चट्टा तिथेच. सांडलेल्या दुधावरची साय वाळावी तसा.

चाळीत घर रिकामं असतं, दार नसतं. शेजारच्या राधाबाई डोकावल्याच. "काय गं सुभद्रे, दात मोजतेस की सोन्याचा बसवतेस?"

"दाढ दुखते," काकू म्हणाल्या. राधाबाईंना सांगणं म्हणजे डिलाईल रोडपर्यंत दवंडी.

पुढच्या शनिवारी त्यांनी मशेरीचा तवा कागदात गुंडाळला आणि अक्षतापुढे ठेवला. "कुठेतरी ठेव. कुठे ते मला सांगू नको."

अक्षताने तवा उचलला. लगेच बाहेर घेऊन गेली. शहाणी पोर.

सोडणं म्हणजे काय ते मग कळलं. पहिलं पोट बसलं. इतकी वर्षं मशेरीशिवाय त्याने हालचालच केलेली नव्हती. सकाळी टमरेल घेऊन संडासच्या रांगेत उभं राहायचं, नंबर लागला की आत जायचं आणि तसंच परत यायचं. मागच्या बायका हसायच्या. डोकं फुटायला आलं. गिऱ्हाइकाच्या मिरच्या करपल्या. राधाबाई रोज विचारायच्या, "तवा का गं थंड? आमच्या दातांनी तुझं काय घोडं मारलंय?" आणि लवूकाकांनी विचारलं, "तुका झालाहा काय गो?"

"तुमका काय करूचा?" काकू खेकसल्या, आणि त्यांच्या चुन्याची डबी खिडकीतून खाली गेली. लवूकाका त्या दिवसापासून तंबाखू जिन्यात जाऊन मळायला लागले.

महिना संपत आला आणि वडाळ्याची चुलतजाऊ गेली. घरात बायका दाटीने बसलेल्या, डोळे पुसणं चाललेलं, आणि मशेरीची डबी हातातून हातात फिरत होती. ती काकूंच्या हातात आली. नको म्हणावं तर चार जणी विचारणार, का. त्यांनी बोट बुडवलं.

बोट हिरडीला लागलं आणि सगळं अंग सैल पडलं. त्यानेच त्या घाबरल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण मशेरी सोडली. तिने आपल्याला कुठे सोडलं होतं?

घरी येऊन मोरीत चूळ भरत राहिल्या. अक्षताने काळं बोट पाहिलं.

"गेलं सगळं पाण्यात," काकू म्हणाल्या. "आता दे तो तवा."

"तवा नाही मिळणार."

"माझ्या घरात मलाच नाही म्हणतेस?"

"हो. आज लावलीत ना, लावलीत. उद्या नका लावू. बोट धुवा आधी, साबणाने."

काकूंनी बोट धुतलं. रडल्या की काय ते नळाच्या आवाजात समजलं नाही.

दाखवायच्या दिवशी अक्षताला सुट्टी मिळेना, आणि एकटीला जिना चढायचं धैर्य होईना. शेवटी राधाबाईंनाच बरोबर घेतलं. वाटभर त्या तव्याचंच बोलत होत्या. तपासणीच्या खोलीतही त्या दारापाशी उभ्याच राहिल्या. ऐकायची एकही गोष्ट सुटू नये म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद पाहिला. "तंबाखू नाही, बरोबर?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. संध्याकाळच्या आत मजलाभर होणार. मग खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मशेरी लावत होते," त्या म्हणाल्या. "लग्नापासून. गेल्या वेळी नाही सांगितलं. सोडली. मधे वडाळ्याला एकदा बोट बुडवलं. मग नाही."

"मशेरी तंबाखूच असते, काकी."

"हो. माहितीय."

बॅटरी लागली. आरसा गालाला टेकला, थंडगार. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या, कापसाने पुसून पुन्हा बघत राहिल्या. काकूंना पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"पांढरा चट्टा पातळ झालाय," बाई म्हणाल्या. "बराच कमी झालाय. आज तुकडा काढत नाही. पण गेलेला नाही अजून. पुन्हा लावलीत तर मला काढावाच लागेल. महिन्याने या."

दोघी बाहेर आल्या. फाटकाशी राधाबाईंनी विचारलं, "दुखायचा का गं तो?"

"नाही. मला पत्ताच नव्हता."

राधाबाई दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. त्यांची जीभ गालात आतून फिरत होती; बाहेरून दिसत होतं.

"पांढरा म्हणजे कसा?"

काकूंनी मनगट धरून त्यांना वळवलं आणि केसपेपरच्या खिडकीसमोर रांगेत नेऊन उभं केलं. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं. मजल्यावर सगळ्यांत मोठा आवाज असलेल्या राधाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. काकूंनीच सांगितलं.