ढेकणं मह्या गादीतली नवती

लगन होऊन अकोल्याहून अमरावतीले आली, तवा मह्यासंगं एक गादी होती. बापानं आमच्याच वावरातला कापूस भरून देल्ली होती. लय मऊ! अन् मी आल्यावर थोड्याच दिवसात सासरचं सारं घर खाजवाले लागलं.

खाजवनं म्हंजे कसं? मामाजी, म्हंजे माहे सासरे, ओसरीतल्या खांबाले पाठ घासत उभे. माहा नवरा एका हातानं जेवे, दुसऱ्यानं मान खाजवे. आत्याबाई, म्हंजे सासू, भाकर उलटवता उलटवता उलथणंच पाठीवर फिरवत, अन् मंग पुन्हा भाकर!

खाजवत नवती ते मी एकली. तेच नडलं.

"पाह्यलं?" आत्याबाई म्हणे. "ढेकणं इच्याच गादीतले. मालकिणीले कसे चावतीन?"

गादी उन्हात टाकली, बदडली, एक शिवण उसवली. एकबी ढेकूण नाई.

"लपले असतीन. अकोल्याचे हायेत, हुशार!"

गादी गोठ्यात फेकली. तरी खाज सुरूच! मंग आत्याबाईनं ठरवलं का ढेकणं मह्या आंगातच हायेत, मलेच माहेरी पोचवा. ढेकणापाई पोरगी परत आली म्हटल्यावर मह्या लहान बहिणीले पाहाले कोन येईन?

आता कापसाचं सांगते, ते राह्यलंच. समुद्रापलीकडं कोठं तरी लढाई चालू होती, अन् त्याच्यापाई आमच्या घरात पाय ठेवाले जागा नवती! तिकडचा कापूस बंद पडला, इकडचा भाव रोज चढे, म्हणून मामाजी इकेनात. मधली खोली कमरेइतकी कापसानं भरलेली. तिचं दार ओसरीत, ओसरीत मामाजी बसलेले. नव्या सुनेनं सासऱ्यापुढून जा-ये करू नये, म्हणून मी त्या खोलीत कधी पाय ठेवला नवता.

तेवढ्यात आत्याबाईची पाळी आली, बाहेर बसल्या. ते दिवस गोठ्यातच काढा लागतात, अंथरुणाले घोंगडी. सकाळी शेण काढाले गेली, तं पाहते काय! घोंगडी बाजूले, अन् आत्याबाई मह्या टाकलेल्या गादीवर घोरून राहिल्या! रोज तेच. अन् खाजवनं? बिलकुल नाई!

न्हाऊन घरात आल्या. दुपार सरली नाई, तं उलथणं पाठीवर!

मले पोचवाले बैलं जुपले, तवा मले राहावलं नाई. सासऱ्याशी बोलता येत नाई, म्हणून पदर ओढून दाराशी बांधलेल्या गाईले म्हटलं, मोठ्यानं, "गाई, तूच सांग वं! आत्याबाई मह्या गादीवर निजत होत्या, तवा ढेकणं कोठं गेलते?"

मामाजीबी गाईकडंच पाहून म्हणाले, "गाई, हे खरं हाये काय?"

"गाईले काय इचारता?" आत्याबाई भडकल्या. "निजली मी! फेकलेलीच तं होती! बाहेर हे गादी, अन् घरात दुपारी तुमचा डोळा लागला का कापसावर जराशी पडते, त्यात काय झालं?"

"कापसावर?" मामाजी उठलेच. "तू बी?"

"तू बी म्हंजे?"

मंग माहा नवरा खाली पाहून म्हणे, "बा, मी बी पडतो कधी कधी. मऊ लागते."

मामाजीनं कापसाच्या खोलीकडं बोट केलं. "अरे, त्यात म्या खाजकुयरीच्या शेंगा टाकून ठेवल्या! चोर शिरला का खाजवत सुटन, लगेच समजन! तुमाले खाजवताना पाह्यलं, तं मले वाटे सारं घरच चोर हाये! शेंगाचं फुटन म्हणून बोललो नाई. एकटी सूनबाई तेवढी चांगल्या घरची."

"अन् तुमी कावून खाजवता मंग?" आत्याबाईनं इचारलं.

"मी? शेंगा जाग्यावर हायेत का नाई, रोज हात घालून पाहतो ना!"

आत्याबाई उलथणं घेऊन त्यायच्यामांगं अशा धावल्या! नवरा तोंड दाबून हसे, अन् खाजवे. मी गाईच्या गळ्यात पडली.

बैलं सुटले. मी राह्यली. बहिणीचंबी पुढं लगन जमलं. गादी गोठ्यातून घरात आली, शिवण घातली, अन् आत्याबाईनं आपल्या खोलीत नेली.

"ढेकणं नाईत ना? मंग मीच निजते."

मले घोंगडी भेटली. ते मातर लय चावते.