कुलूपमामा

माझे मामा घराला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, जिना उतरून खाली यायचे आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचे. मामी खाली पिशवी घेऊन उभी असायची. कुलूप दमलं असेल हो आता, म्हणायची. आम्ही भाचरं त्यांना तोंडावर कुलूपमामा म्हणायचो आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मामीचं म्हणणं असं, की एक दिवस हे साखरेच्या डब्यालाही पासवर्ड लावणार, विसरणार, आणि आपण सगळे बिनसाखरेचा चहा पीत बसणार. पण विसरणं मामांच्या रक्तातच नव्हतं.

नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली होती. एका मोठ्या इस्पितळाचे सर्व्हर ते सांभाळायचे. कुणाला कुठलं औषध, कुणाला कुठलं रक्त, सगळं त्या यंत्रांत. आणि एवढ्या कामाला इस्पितळाने ठेवला होता एकच माणूस. काम बिनबोभाट चाललं की वरच्यांना वाटतं, इथं कामच नाही. माझ्या नाकावर राग असतो, त्यामुळे मी यावरून तावातावाने बोलायचे. मामा ऐकून घ्यायचे आणि चष्मा पुसायचे.

मामीच्या फुफ्फुसांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते आम्हाला न सांगता कळलं. मामांनी घरून काम करायची परवानगी मिळवली. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र, त्याला लागून लाकडी खुर्ची, खुर्चीत मामा, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. मी मामी आजारी पडल्यापासूनच सोबतीला राहायला गेले होते. मामांची टाइप करायची एक तऱ्हा होती. भराभर, भराभर, मग थांबून शेवटच्या बटणावर एक जोराचा ठोका. मामी त्या आवाजावर झोपायची. आवाज थांबला की डोळे उघडायची. "आहे गं, इथंच आहे," मामा म्हणायचे आणि परत वाजवायला लागायचे. काम नसलं तरी ते काहीबाही टाइप करत बसायचे, हे माझ्या लक्षात आलं होतं. मामीच्याही आलं असावं.

तो सुट्टीचा दिवस होता. जेवणं उरकली होती, मामीचा डोळा लागला होता. मामांच्या फोनवर काहीतरी सूचना आली आणि त्यांचा चेहरा उतरला. काय झालं म्हणून विचारलं तर त्यांनी हळू आवाजात समजावलं. घरबसल्या सर्व्हरमध्ये शिरता येतं ते एका प्रोग्रॅममुळे. तो दारावर बसून नाव विचारतो, खूण विचारतो, पटली तर आत घेतो. कितीतरी ठिकाणी हाच राखणदार बसवलेला. आता त्याच्यातच खोट सापडली होती. वेळ साधून त्याला गोंधळात टाकलं, तर तो काही न विचारता आत सोडत होता, वर मालकाचे अधिकारही देत होता. कुंपणानेच शेत खाल्ल्यातला प्रकार. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आला होता, पण तो बसेपर्यंत दार लावून घेणं भाग होतं.

मामांनी दार लावलं. लगेच फोन सुरू झाले. एक बडे डॉक्टर म्हणत होते, माझ्यापुरतं तेवढं किलकिलं ठेवा. मामांनी गोड बोलून नाही म्हटलं. मला मात्र वेगळीच धास्ती होती, आता मामांना जावं लागणार का. ते म्हणाले नाही, दार लावलं तरी आत असलेला माणूस आतच राहतो. मी आत आहे. इथूनच दुरुस्ती करतो. मला हायसं वाटलं. मामीच्या अंगावरची चादर नीट करताना तेही जरा सैलावलेले दिसले.

मग त्यांनी आत आणखी कोण आहे ते बघितलं. सगळी नावं ओळखीची होती. एकेकाला कळवून बाहेर काढलं. शेवटी एकच नाव उरलं, त्यांचं स्वतःचं. पण ते दोनदा होतं.

एक म्हणजे या खुर्चीतले. दुसरा इस्पितळातल्या त्यांच्याच टेबलावरून शिरलेला दिसत होता. त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली इथं खुंटीला. दुसऱ्याची आत शिरल्याची वेळ दिसत होती मामी घरात कोसळली त्या दिवसाची.

"मग तुम्हीच विसरला असाल त्या दिवशी," मी म्हटलं.

"असेन."

"झालं तर मग. काढा बाहेर आणि बसा इथं."

मामा म्हणाले, चोराला मालकाचे अधिकार मिळाले असतील तर तो वेळही खोटी दाखवेल, आणि बाहेर काढला तर गेल्यासारखंही दाखवेल. घरून काय कळणार. दोघांनाही बाहेर काढायचं, मलासुद्धा, आणि यंत्रासमोर जाऊन बघायचं.

माझा तोल गेला. मामीकडे बोट दाखवून मी म्हटलं, हिचं काय? आजचा दिवस जाऊ द्या, लोक काही मरत नाहीत. शब्द तोंडातून गेला तेव्हा कळलं की तिथं लोक खरोखरच मरणाच्या दारात असतात.

"त्यांच्याही उशाशी कुणीतरी बसलंय गं," मामा म्हणाले. "विसरलो असेन, एवढ्यावर कसं सोडू?"

त्यांनी शेवटचं बटण जोरात दाबलं आणि स्वतःला बाहेर काढलं. लॅपटॉप माझ्या हातात दिला. मामीच्या कपाळावर हात ठेवला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि गेले.

आवाज थांबल्यामुळे मामीच्या पापण्या हलायला लागल्या. मला दुसरं काही सुचलं नाही. मी मामांच्या खुर्चीत बसले, उशी मांडीवर घेतली आणि टाइप करायला लागले. भराभर, भराभर, मग एक ठोका. पडद्यावर लॅपटॉप पासवर्ड मागत होता आणि प्रत्येक ठोक्याला चुकीचा म्हणत होता. मामीचा श्वास जरा संथ झाला. जमलं, असं मला वाटलं.

"तू आहेस ना?" मामी डोळे न उघडता म्हणाली.

माझी बोटं थांबली.

"ह्यांचा हात असा नाही वाजत." एवढं बोलूनही तिला धाप लागली. "गेले कुलूप ओढून बघायला?"

येतातच एवढ्यात, असं काहीतरी मी म्हटलं. ती म्हणाली, "आज थांबायला हवं होतं." आणि मग, "तू वाजव."

मी वाजवत राहिले. तिचा श्वास अडकायला लागला तेव्हा एका हाताने फोन लावत होते. इस्पितळातल्या त्या यंत्रांच्या खोलीत फोन लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मी तिच्या जिभेखाली ठेवलं, तिचा हात धरला. फोन लागला तेव्हा सांगायला वेगळंच काही होतं.

तिथं काय झालं ते मामांनी मला महिन्याभराने सांगितलं, त्याच खुर्चीत बसून. पलंग तेव्हा काढून टाकला होता. खोली उघडली तर त्यांचा संगणक चालूच होता. खुर्ची मागे ढकललेली, कपात वाळलेला चहा. मामी पडली म्हणून मी फोन केला होता, तेव्हा ते जसे उठून धावले, तसंच सगळं. आयुष्यात एकदाच विसरले ते. तरी त्यांनी सगळी यंत्रं तपासली, दुरुस्त प्रोग्रॅम बसवला, मग बाहेर आले.

"चोर नव्हताच," ते म्हणाले. "मीच होतो आत."

मला त्यांचा राग होता. आजही थोडा आहे. पण त्यांचे हात उशीवर नुसतेच पडलेले होते, ते मला बघवेना.

"तिला कळलं का गं, मी नाही ते?"

"नाही," मी म्हटलं. "मी टाइप करत होते. तुम्हीच आहात समजून झोपली ती."

मामा माझ्याकडे बघत राहिले. पुढचा प्रश्न येणार म्हणून मी मनात उत्तरं जुळवत होते.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. हे एवढं कुलूप त्यांनी ओढून बघितलं नाही.