चित्र थांबवणारे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंनी जगात कुणावरही पहिल्या फटक्यात विश्वास ठेवलेला नाही. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या कडेनं वाकून, नवरी तीच आहे ना, याची त्यांनी खात्री करून घेतली होती. रक्तदाब ते औषधांच्या तीन दुकानांत मोजतात आणि तिन्ही आकडे खोटे ठरवतात. तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला गेलो की दवाखान्याच्या जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबापुढं थांबून मला विचारतात, "दवाखान्यात जाऊन हे काहून हसून राहिले?"

रायपूरच्या एका कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवतात, त्यातही आरोग्य आणि आजारपण. पुस्तकांवर भरवसा नाही म्हणून माहितीपट दाखवतात. माहितीपटांवर त्याहूनही कमी म्हणून मिनिटामिनिटाला रिमोटनं चित्र थांबवतात. "डॉक्टर बैठा है, मरीज खड़ा है. दूसरी कुर्सी किसने हटाई?" पोरं डोकं खाजवतात. त्या वर्गात एकही माहितीपट शेवटपर्यंत पोचलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात साडूभाऊंना खोकला लागला आणि तो जाईना. डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून बाहेर जात. शेवटी ताईनं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, मला गळ घातली. "भाऊजी, माह्यं तर ऐकूनच नाही राहिले. तुमीच न्या त्यायले." म्हणून त्यांना उसना दिलेला माझा स्पीकर परत न्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या वर्गात जाऊन बसलो. दारातच त्यांनी विचारलं, "तुले तुह्या तायनं धाडलं न?" मी नाही म्हटलं. त्यांचा अर्थातच विश्वास बसला नाही.

त्या दिवशीचा माहितीपट कारखान्यातल्या धुळीनं छाती खराब झालेल्या मजुरांवर होता. कंपनीचा डॉक्टर एका मजुराला तपासत होता. साडूभाऊंनी चित्र थांबवलं. "यह आदमी एक बार भी नहीं खांसा. बीमार कैसे? डायरेक्टर ने बनाया इसको बीमार!" आणि विजयी मुद्रेनं वर्गाकडं पाहिलं.

कारखान्यांच्या वस्तीतून, बीरगांवहून येणारी एक मुलगी उठली. "सर, कंपनी के डॉक्टर के सामने कोई नहीं खांसता. खांसे तो काम से निकाल देंगे. मेरे पापा भी दबा लेते हैं, मुंह बंद करके." मग जरा घुटमळून म्हणाली, "अभी आप दबा रहे हैं ना सर, वैसे ही."

साडूभाऊंचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. पुढच्या क्षणी खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना टेबल धरावं लागलं. उबळ ओसरल्यावर मला म्हणाले, "चाल. मोटरसायकल काढ."

एक्स-रे हातात आल्यावर तो उजेडात धरून त्यांनी डॉक्टरांना विचारलंच, "हा माहाच आहे कशावरून?" पण आवाजात दम नव्हता. उपचार लांबलचक निघाला.

आता ते रजेवर असतात. फार वाळलेत. संध्याकाळी मी जातो, आम्ही माहितीपट लावतो, रिमोट त्यांच्या मांडीवर पडून राहतो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, थांबवा की कुठंतरी. डॉक्टर बसलाय, पेशंट उभा आहे."

"चालू दे रे," ते म्हणाले. "शेवट कसा असते, ते कधी पाह्यलंच नाही मी."

मला ते ऐकवेना. मी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.