नॉर्वेच्या अलीकडे, एका पार्किंगमध्ये

“तुला मंगफमध्ये गाडी नीट रिव्हर्स घेता येत नाही, आणि तू युरोपात अख्खं घर चालवणार?” कुवेतमधले आमचे अबू हलीफाचे शेजारी सलीमभाई, मूळचे दाभोळचे, तोंडावर बोलायला कधी कचरत नाहीत. मी हसण्यावारी नेलं. मोटरहोमचे इतके व्हिडिओ पाहिले होते की गाडी आपोआप चालेल असा माझा समज झाला होता.

लोकांना मी सांगत होतो, “नॉर्दर्न युरोपची टूर!” खरी गोष्ट वेगळी होती. आमची ऋतुजा ओस्लोत शिकते. कोरोनात ती तिथे एकटी आजारी पडली, आणि आम्हाला सांगितलं ते बरी झाल्यावर. त्या वेळी कुवेतबाहेर पडलेल्या परदेशी माणसाला परत आत घेत नव्हते. गेलो असतो तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर इकामाही, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. लस घेतलेल्यांना परत येता येईल असं जाहीर झालं त्या दिवशी सुनंदा, माझी बायको, एवढंच म्हणाली, “मला तिला हात लावून बघायचंय.” तिला हॉटेलांची धास्ती, दुसऱ्यांच्या चादरींची धास्ती. म्हणून मोटरहोम.

गाडी हॅम्बुर्गला भाड्याने घेतली. तुम्ही जाणार असाल तर ऐका: साडेतीन टनांच्या आतली घ्या, आपलं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट त्यावर चालतं. डिझेलची टाकी भरली तेव्हा आलेला आकडा मनातल्या मनात दिनारमध्ये केला आणि सुनंदाला सांगितला नाही. मग दुकानात शिरून पिण्याच्या पाण्याचे बारा खोके उचलले. कुवेतमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला बाटलीबंद पाण्याचा साठा नसला की झोप लागत नाही. खोके पलंगाखाली, टेबलाखाली, न्हाणीघरातही. अंघोळ करायची तर आधी चार खोके बाहेर काढायचे.

पुटगार्डनहून बोटीने डेन्मार्क. बोटीच्या पोटात गाडी घालताना माझ्यापुढे एक म्हातारा जर्मन त्याची दुप्पट मोठी गाडी एका हाताने वळवत होता. मी दोन्ही हातांनी घाम पुसत होतो. कोपनहेगन लांबूनच पाहिलं. पुढे स्वीडनला जाणाऱ्या पुलाचा टोल गाडीच्या लांबीवर असतो, तेव्हा लांबी आधी मोजून ठेवा. मी टोलनाक्यावर सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, “मी काय शिंपी आहे?”

गोथेनबर्गच्या अलीकडे तळ्याकाठी मोटरहोमसाठी राखलेल्या जागेत मुक्काम केला. बर्चची झाडं पिवळी पडली होती, पाणी काचेसारखं स्थिर. सुनंदाने सुकट भाजली आणि धुराचा अलार्म बोंबलायला लागला. शेजारच्या गाडीतली स्वीडिश बाई मास्क लावून धावत आली. मी हातवाऱ्यांनी सांगितलं, आग नाही, जेवण आहे. तिने एकदा वास घेतला आणि मास्क आणखी वर ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नॉर्वेची सीमा. मी ऐटीत मोबाइल पुढे केला, कुवेतच्या ॲपवर दोन डोसांचा हिरवा रंग झळकत होता.

“आमचं मशीन हे वाचत नाही,” अधिकारी तरुणी म्हणाली.

“पण हिरवं आहे,” मी म्हणालो.

“हिरवं आहे, सर. पण वाचत नाही. परत फिरा, प्लीज.”

ऋतुजाने निघण्यापूर्वी मेसेज केला होता, “बाबा, बॉर्डरचे रूल्स चेक करा.” मी तिला अंगठा पाठवला होता. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खाड्या, कुठून छान दिसतात यावर मी पानंच्या पानं वाचली. आत घेतात का, हे वाचायचं राहिलं. सुनंदाने पासपोर्ट पर्समध्ये परत ठेवले. तिथल्या तिथे गाडी वळवताना मागचा दिवा खांबाला आपटून फुटला.

स्वीडनच्या बाजूला एक प्रचंड मॉल आहे. नॉर्वेत सगळं महाग, म्हणून तिथले लोक बसने इथे येऊन बेकन आणि गोळ्या-चॉकलेटं पोत्याने नेतात. मी तिथून ऋतुजाला फोन केला. “तिथेच थांबा. मी येते,” ती म्हणाली. तिच्याकडे तिकडचं लसीचं सर्टिफिकेट होतं, तिला कोण अडवणार?

बसमधून रिकाम्या पिशव्यावाल्यांच्या मागून ती उतरली. आमची पोर अर्धी झाली होती. सुनंदाने तिचा चेहरा, दंड, पाठ चाचपली, भाजीवाल्याकडे दुधी चाचपावा तशी. मी आपला दूर उभा राहून गाडीचा फुटलेला दिवा दाखवत होतो, कारण दुसरं काही सुचेना.

आत आल्यावर तिने खोके पाहिले. “बाबा, सीरियसली? इथे नळाचं पाणी बेस्ट असतं. तुम्ही हे जर्मनीपासून वाहून आणलंत?” आणि ती हसायला लागली. हसता हसता धाप लागली, टेबल धरून खाली बसली. मग ती स्वतःच म्हणाली, “आता बरंय. जिने चढताना थांबावं लागतं, बस्स. तेव्हा पाण्याचा ग्लास उचलवत नव्हता.”

“सांगायचंस ना गं,” सुनंदा म्हणाली.

“आणि तुम्ही काय केलं असतंत, आई? येऊ तर शकत नव्हता.”

सुनंदाने भात टाकला.

तीन दिवस आम्ही त्या पार्किंगमध्ये राहिलो. ऋतुजा ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर झोपायची, उठून सुकट-भात खायची, पुन्हा झोपायची. आम्ही खाली बसून तिचा श्वास ऐकायचो. बाहेर लोक ट्रॉल्या ढकलत होते. फ्योर्डचा एकही फोटो माझ्याकडे नाही, मॉलच्या शौचालयाची वेळ मात्र अजून पाठ आहे. चौथ्या दिवशी ती बसमध्ये चढली, आम्ही हॅम्बुर्गकडे निघालो, आणि दिव्याचे पैसे डिपॉझिटमधून गेले.

हा ब्लॉग वाचून कोणी नॉर्वेला निघणार असेल तर सांगतो, माझ्यावर विसंबू नका, मी तो पाहिलेला नाही.

परतलो त्या शुक्रवारी सलीमभाई जिन्यात भेटले. दीड वर्ष भेटेल तो विचारायचा तेच त्यांनीही विचारलं, “पोरगी कशी हाय रे?” मी दर वेळी “मजेत” म्हणून पुढे सटकायचो.

या वेळी थांबलो, पायरीवरच बसलो. “वाळलीये,” म्हटलं. “जिने चढताना धाप लागते. पण भात दोनदा घेते.”

सलीमभाईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि माझ्या शेजारी बसले.