मांडीवरचं गाडगं

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरताना आंबूस वास सुटला की मला शिराळ्याच्या वाटेवरची जीप आठवते. चौऱ्याहत्तर साल असेल, नुकतं लग्न झालं होतं. शिराळ्यात तेव्हा जिवंत नाग पुजायचे, ती नागपंचमी तोंडावर आली होती. दिराने रानात धरलेला जिवंत नाग गाडग्यात घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडगं माझ्या मांडीवर दिलं. तिन्हीसांजेला, भर पावसात, जीपचे दिवे पिवळे पडत विझले आणि इंजीनही बंद पडलं. नवरा म्हणाला, "बॅटरी तुझ्या सीटखाली हाय, ऊठ." मी म्हटलं, "आवं, ह्याला घेऊन कशी उठू?" मागून दीर हसला, "भिऊ नगा वैनी, भाऊ हाय तुमचा." "मग घ्या की भावाला तुमच्या मांडीवर!" दीर जागचा हलला नाही. मी गाडगं धरून वाकून उभी राहिले. आत वळवळ चालली होती, ती तळव्यांना कळत होती. नवऱ्याने चाचपडत बॅटरीच्या टोकावरचा पांढरा थर खरवडला, तार आवळली आणि जीपमधला दिवा लागला. तेव्हा दिसलं, फडक्याची गाठ कधीच सुटली होती. कापड नुसतं माझ्या अंगठ्यांखाली दबलं होतं. "हात काढू नगंस," नवरा हळूच म्हणाला आणि त्याने सुतळी आवळून बांधली. पंचमीला बायका त्याच नागाला ओवाळत होत्या. मी आरतीचं ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि मागे सरले. भाऊ म्हणा नाहीतर देव म्हणा, मी आजही त्या पूजेला जात नाही.