बाहीखालची कट्यार

ती घटना अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि घडली ती निवृत्तीनंतर, परक्या मुलखात. मी मुंबईत शिपाई म्हणून भरती झाले, फौजदार होऊन बाहेर पडले आणि लेकीकडे शारजाला, अल नहदात राहायला आले. मंदी होती. लोक भरली घरं टाकून मायदेशी पळत होते. त्यांचं सामान लिलावासाठी शेजारच्या दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात यायचं. तिथली सिक्युरिटी मी बघायचे.

एका घरातून सहारा वाळवंटातल्या कट्यारींची पेटी आली. उघडली तर एक खाच रिकामी. दुसऱ्याच दिवशी आमचा रत्नागिरीचा सुपरवायझर खबर घेऊन आला. साफसफाई करणाऱ्या, आफ्रिकेतल्या चाड देशाच्या बाईच्या बाहीखाली तशीच कट्यार होती म्हणे.

"मॅडम, यल्ला, चला, पोलिसांना फोन करू. बाईमाणसाला कट्यार कशाला लागते?"

फोन केला की तिची नोकरी आणि व्हिसा, दोन्ही खलास. मी म्हटलं, थांब रे बाबा, आधी जबाब तर घेऊ. तिला बसवलं, चहा दिला. उभ्या माणसाच्या तोंडून भीतीशिवाय काही निघत नाही, हा माझा अनुभव. मोडक्या हिंदीत ती सांगू लागली, आम्ही तुबू लोक, वाळवंटात फिरणारे, ही आईने दिली.

"घालून दाखव," मी म्हटलं.

तिने म्यान जोडलेलं चामड्याचं कडं डाव्या हातात सरकवलं. मूठ तळव्याकडे, टोक कोपराकडे. उजवा हात हललेला दिसला न दिसला, तोच पातं बाहेर. अख्ख्या नोकरीत इतक्या सफाईने हत्यार काढलेलं पाहिलं नव्हतं.

कडं उतरवायला लावलं, तर खाली फिकट वळ, जुन्या अंगठीखाली बोटाला पडतो तसा. पेटी उघडून एक दिवस झालेला. असा वळ पडायला वर्षं जातात.

सगळी खोकी उपसायला लावली. हरवलेली कट्यार स्वयंपाकघराच्या खोक्यात निघाली, भाजीच्या सुऱ्यांत. सामान भरणाऱ्यांना तीही सुरीच वाटली असणार.

सुपरवायझर पुटपुटला, "आमच्याकडे बायका बांगड्या घालतात हो."

"आणि पोलिसात असताना माझ्या कमरेला काय असायचं रे?"

तो खोकी पुन्हा बांधायला लागला.

हत्यार कुणाला शोभतं हे आपणच ठरवतो, आणि उरलेल्यांना चोर म्हणतो, एवढं मी त्या दिवशी शिकले. कामावर हत्यार घालता येणार नव्हतं, म्हणून तिची कट्यार दिवसभर माझ्या कपाटात राहिली. संध्याकाळी परत देताना मूठ तिच्याकडे केली. पोलिसात ज्याचं हत्यार त्याला असंच देतात.